‘निकाली’ की ‘प्रलंबित’? : ट्रॅफिक केसचा कागद शोधताना

सुरुवातीलाच एक कबुली देतो. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी बोलतो ती आणि मेसमध्ये कानावर पडते ती, एवढ्याच मराठीच्या भांडवलावर हा लेख लिहितोय. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी. पण गेल्या सेमिस्टरला रूममेटबरोबर कोर्टाच्या चार चकरा मारल्या आणि ‘प्रलंबित’, ‘निकाली’, ‘रोजनामा’, ‘नक्कल’ हे शब्द असे काही शिकलो, की आता जन्मात विसरणार नाही.

झालं असं. माझ्या रूममेटला आपण बंड्या म्हणू. फर्स्ट इयरला असताना हा एका सीनिअरची बाईक घेऊन स्टेशनवर गेला. लायसन्स नव्हतं. चौकात अडवलं. खिशात पैसे नव्हते, म्हणून कोर्टाचं चलान हातात पडलं. बंड्या घाबरला. कोर्टाबाहेरच्या टपरीवर एक गृहस्थ भेटले. म्हणाले, “दीड हजार दे, आत यायचीसुद्धा गरज नाही.” यानं दिले. दोन दिवसांनी गृहस्थ म्हणाले, “झालं काम.” पावती? “लागत नाही रे ती!”

दोन वर्षं सगळं शांत. मग कॅम्पसला एक कंपनी आली. फॉर्ममध्ये प्रश्न होता : तुमच्याविरुद्ध एखादा फौजदारी खटला प्रलंबित आहे का? बंड्या ‘नाही’वर टिक करणार, तेवढ्यात मी विचारलं, “अरे, त्या लायसन्सच्या केसचं काय झालं होतं?” तो म्हणाला, “पैसे भरलेत की.” मी म्हटलं, “कागद दाखव.” आणि कागद नव्हता.

त्या रात्री दोन वाजेपर्यंत आम्ही कागद शोधला. कसा शोधला, कुठं चुकलो, ते तुमच्या उपयोगी पडावं म्हणून क्रमानं सांगतो.

१) चलान पोलिसांकडे आहे की कोर्टात?

सगळा घोळ इथं होतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २०० प्रमाणे काही गुन्ह्यांत ठरलेलं तडजोड शुल्क भरलं की विषय तिथंच संपतो. केस कोर्टात जातच नाही, म्हणून कोर्टात तिचा कागदही नसतो. तुमच्याकडे राहते ती फक्त चलानाची पावती. ही माहिती वाहतूक पोलिसांच्या ई-चलान साईटवर गाडीचा नंबर टाकून दिसते.

पण शुल्क भरलं नाही तर प्रकरण कोर्टात जाऊ शकतं. काही गुन्हे तर कलम २०० च्या यादीतच नाहीत. दारू पिऊन गाडी चालवणं (कलम १८५) हे त्यातलंच. तिथं कोर्टाशिवाय मार्ग नाही.

दोन्हींच्या मध्ये आणखी एक दार आहे, व्हर्च्युअल कोर्ट. आपल्या राज्यात नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला २०२० साली वाहतूक चलानांसाठी असं कोर्ट सुरू झालं. यात घरबसल्या गुन्हा कबूल करून दंड भरता येतो. कबूल नसेल तर केस नेहमीच्या कोर्टाकडे जाते. मोबाईल नंबर, चलान किंवा गाडीचा नंबर, नाव यांवरून इथं शोध घेता येतो.

आम्ही आधी ई-चलान पाहिलं. काहीच नाही. व्हर्च्युअल कोर्ट पाहिलं. तिथंही काही नाही. बंड्या आनंदानं गादीवर पडला. मी मात्र त्याला उठवलं, कारण तिसरं दार बाकी होतं.

२) ई-कोर्ट्सवर शोध

देशातल्या जिल्हा आणि तालुका कोर्टांतल्या केसेसची माहिती ‘ई-कोर्ट्स सर्व्हिसेस’ या सरकारी साईटवर आणि त्याच नावाच्या ॲपवर फुकट मिळते. ‘केस स्टेटस’मध्ये जाऊन राज्य, जिल्हा आणि कोर्ट कॉम्प्लेक्स निवडायचं. जिल्हा म्हणजे जिथं पकडलं तो, आपल्या गावाचा नव्हे! आम्ही पहिला अर्धा तास बंड्याच्या गावच्या कोर्टात शोधत होतो.

हातात सीएनआर नंबर असेल तर उत्तमच. हा प्रत्येक केसचा १६ अक्षर-अंकांचा कायमचा नंबर. आपल्याकडचा ‘एमएच’नं सुरू होतो आणि शेवटचे चार अंक वर्षाचे असतात. केस नंबर असेल तर प्रकार, क्रमांक आणि वर्ष टाकायचं. आपल्या राज्यात अशा किरकोळ केसेस बहुधा ‘एस.सी.सी.’ या प्रकारात नोंदलेल्या असतात.

यातलं काहीच नसेल तर पक्षकाराच्या नावानं शोधायचं. इथं तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, स्पेलिंग. नाव मराठीतून इंग्रजीत कुणी कसं उतरवलं असेल त्याचा नेम नाही. ‘वाघ’ डब्ल्यूनं लिहिलाय की व्हीनं? दोन्ही टाकून बघा. दुसरी, वर्ष. डिसेंबरमधल्या चलानाची नोंद पुढच्या वर्षीची असू शकते. तिसरी, ‘पेंडिंग’ आणि ‘डिस्पोज्ड’ असे वेगळे पर्याय असतात. दोन्ही तपासा. आम्ही आत्मविश्वासानं फक्त ‘डिस्पोज्ड’ बघत होतो!

शेवटी ‘पेंडिंग’ टाकलं आणि यादीत बंड्या सापडला. खाली कलम ३ आणि १८१. खालोखाल तारखांची रांग. समन्स, समन्स, समन्स, आणि शेवटच्या ओळीत जामीनपात्र वॉरंट. समन्स गेलं होतं फर्स्ट इयरच्या भाड्याच्या खोलीवर, जी आम्ही कधीच सोडली होती. त्या रात्री बंड्या एक शब्द बोलला नाही.

एक सावधगिरी सांगतो. तुमच्या नावाचा दुसरा माणूसही असू शकतो. नाव दिसलं म्हणून हातपाय गाळू नका. वडिलांचं नाव, वय, पत्ता, गुन्ह्याची तारीख जुळते का ते मूळ कागदावर बघा. आणि दुसऱ्याचं नाव दिसलं म्हणून कॉरिडॉरभर बोंबलत फिरू नका. नोंद सगळ्यांना दिसते, पण ती तुमच्या करमणुकीसाठी ठेवलेली नाही.

३) खिडकीवर

दुसऱ्या दिवशी रेक्टर सरांना सगळं सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी ओळखीच्या वकिलांना फोन लावून दिला. (वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात चौकशी करा. तालुक्याला त्यांची समिती असते. कायद्यात बसणाऱ्यांना तिथं मोफत वकील मिळतो.) वकिलांनी वॉरंट रद्द करण्याचा अर्ज दिला. बंड्या कोर्टासमोर उभा राहिला. न्यायाधीश मॅडमनी एवढंच विचारलं, “आता लायसन्स काढलंय का?” त्यानं दाखवलं. गुन्हा कबूल केला, पाच हजार दंड भरला. आधीचे दीड हजार बुडाले ते बुडालेच.

त्याच प्रकरणात सीनिअरलाही समन्स निघालं होतं, हे तेव्हा कळलं. विना-लायसन्सवाल्याला गाडी देणाऱ्यालाही कलम १८० लागतं, हे हॉस्टेलमधल्या दानशूर बाईकवाल्यांनी ध्यानात ठेवावं. फरक इतकाच, की तो पहिल्याच तारखेला स्वतः जाऊन दंड भरून आला होता आणि पावती फाईलला लावून मोकळा झाला होता.

दंडाची पावती मिळाली. पण पावती म्हणजे पैसे भरल्याचा पुरावा. केस संपली हे सांगतो तो कोर्टाचा आदेश. त्याची प्रमाणित प्रत, म्हणजे ‘नक्कल’, मिळते नक्कल विभागात. तिथल्या खिडकीवर मी माझ्या कॉन्व्हेंट मराठीत म्हणालो, “सर, रेकॉर्ड हवाय.” भाऊसाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, “अहो, इथं सगळा रेकॉर्डच आहे. कुठल्या केसची, कुठल्या कागदाची नक्कल पाहिजे ते लिहा.”

बरोबरच होतं त्यांचं. अर्जात एवढं लिहायचं :

न्यायालयाचं नाव
केस नंबर, वर्ष आणि सीएनआर नंबर
पक्षकारांची नावं
निकालाची तारीख
कुठला कागद हवा (अंतिम आदेश, रोजनामा इत्यादी) आणि किती प्रती
कशासाठी हवा
अर्जदार कोण (आरोपी, फिर्यादी की तिऱ्हाईत), पत्ता, सही

अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. नकलेचे पैसे पानांप्रमाणे होतात, ते खिडकीवरच सांगतात. कधी मिळेल ती तारीख लिहून घ्या. आम्हाला आठ दिवसांनी मिळाली. जिचा आपल्यावर परिणाम होतो त्या आदेशाची नक्कल मागायचा हक्क कायद्यानंच दिलाय. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३६३ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०४ मध्ये आहे. तिऱ्हाईतानं मात्र कारण द्यावं लागतं आणि कोर्टाची परवानगी घ्यावी लागते.

सिनेमातल्यासारखं लांबलचक निकालपत्र मिळेल असं समजू नका. अशा केसेस संक्षिप्त पद्धतीनं चालतात. अनुक्रमांक, गुन्ह्याची तारीख, आरोपीचं नाव-गाव, गुन्हा, त्यानं काय कबूल केलं, शिक्षा आणि खटला संपल्याची तारीख, इतकाच मजकूर. बंड्याची नक्कल एका पानाची होती. पण त्यावर शिक्का होता, सही होती आणि त्या एका पानासाठी आम्ही दोन वर्षं उशीर केला होता.

४) माहिती अधिकार चालतो का?

हॉस्टेलात प्रत्येक प्रश्नावर एक उत्तर असतं, ‘आरटीआय टाक!’ पण कोर्टातल्या कागदांच्या प्रमाणित प्रती हायकोर्टाच्या नियमांप्रमाणेच मागाव्यात, त्यासाठी माहिती अधिकाराची वाट नाही, असं सुप्रीम कोर्टानं मार्च २०२० मध्ये गुजरात हायकोर्टाच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. वाहतूक पोलिसांकडची माहिती मात्र जरूर मागता येते. चलान कुठल्या कॅमेऱ्याच्या फोटोवरून झालं, एखाद्या चौकात वर्षभरात किती चलानं झाली, वगैरे. अर्जाला दहा रुपये फी, उत्तराला साधारण तीस दिवसांची मुदत. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांत. परीक्षेत पानं भरायची सवय इथं सोडायची!

शेवटी

जुने कागद कोर्टातही कायमचे राहत नाहीत. किरकोळ केसेसचे कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट केले जातात. म्हणून केस संपली त्याच महिन्यात नक्कल घ्या, एक स्कॅन करून ठेवा आणि मूळ प्रत मार्कशीटच्या फाईलमध्ये लावा.

बंड्यानं कंपनीच्या फॉर्मवर ‘प्रलंबित नाही’ लिहिलं आणि खाली स्वतःहून एक ओळ जोडली : ‘विना-परवाना वाहन चालवल्याची एक केस होती, दंड भरून निकाली, नक्कल सोबत.’ मी म्हटलं, “अरे, त्यांनी हे विचारलंच नाहीये.” तो म्हणाला, “असू दे. एकदा न बघता ‘झालं काम’ म्हटलं होतं, आता बघून म्हणतोय.”

कंपनीचं उत्तर अजून यायचंय. पण आता तो रात्री नीट झोपतो, हे मी शेजारच्या कॉटवरून सांगू शकतो. तुमच्यापैकी कुणाचं असं एखादं जुनं चलान कुठं अडकलंय का? आज मेसमधून आल्यावर दहा मिनिटं काढा आणि बघा. ‘पेंडिंग’सुद्धा बघा.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी