विश्वास ठेवायचा, पण पासवर्ड वेगळे

प्रश्न : आमच्या सेवा केंद्रात एक संगणक, तीन जण आणि एकच पासवर्ड. मुलं विश्वासू आहेत. वेगळं लॉगिन दिलं तर त्यांना वाईट वाटेल का? स्क्रीन रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर टाकू का?
– एक वाचक, कामरगाव (जि. वाशीम)

उत्तर : वेगळं लॉगिन जरूर द्या. एकच पासवर्ड असताना काही गडबड झाली, तर संशय तिघांवर येतो आणि प्रामाणिक मुलाला स्वतःचा बचावही करता येत नाही. हे मुलांना आधी समजावून सांगा. विंडोजमध्ये तिघांना 'स्टँडर्ड' खाती द्या; अ‍ॅडमिन खातं तुमच्याकडे ठेवा आणि तेही रोजच्या कामाला वापरू नका. काम सोडणाऱ्याचं खातं त्याच दिवशी बंद करा.

स्क्रीन रेकॉर्डिंग मात्र टाळाच. त्यात मुलांपेक्षा गावकऱ्यांचे आधार क्रमांक, पासबुकं आणि दाखलेच साठत जातील, आणि तो साठा कोण सांभाळणार? कोणत्या खात्यातून कधी लॉगिन झालं, एवढी नोंद 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये राहतेच. ती तुम्ही पाहता, हे मुलांना माहीत असू द्या.

मला खरी काळजी 'डाउनलोड्स' फोल्डरची वाटते. जातीच्या दाखल्यासाठी स्कॅन केलेली कागदपत्रं तिथे महिनोन्‌महिने पडून असतात. काम झालं की ती रिसायकल बिनमधूनही काढा. ब्राउझरला पासवर्ड लक्षात ठेवू देऊ नका. चालत असेल तिथे शेवटचे 4 अंकच दिसणारं मास्क्ड आधार घ्या. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी सांगितलं; तुमच्या टेबलासमोर उभ्या असलेल्या शेतकऱ्यालाही तो आहे.