तोंड आले तर

मराठीत ‘तोंड येणे’ असा एक वाक्प्रचार आहे. तो प्रथम ऐकणाऱ्या मुलांना हसू येते. तोंड तर जागच्या जागीच असते, मग ते येते कुठून? पण घरी दादीला विचारून पाहा. जुन्या उर्दूतही ‘मुँह आना’ असेच म्हणत. जीभ, ओठ किंवा गालाची आतली बाजू लाल होते, तेथे पांढुरके फोड उठतात, घास गिळवत नाही. यालाच तोंड येणे म्हणतात.

नागपूरचे जेवण तिखट. गांधी गेटमधून, म्हणजे जुन्या जुम्मा दरवाजातून, महालात शिरलात की तर्री-पोह्यांचा वास येतो. तोंड आलेल्या माणसाला मात्र त्या तर्रीचा एक थेंबही सोसत नाही.

यावर पहिला उपाय स्वयंपाकघरातच असतो. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवा. घोट तोंडात घ्या, अर्धा मिनिट खळखळवा आणि थुंकून टाका. दिवसातून तीन-चार वेळा असे करा. अन्नाचे कण धुऊन जातात, ठणका कमी होतो. ही झाली चूळ. तुम्ही तिला कुल्ली म्हणता. मान मागे करून पाणी घशात घोळवले, तर ती गुळणी, म्हणजे गरारा. फोड गालात असेल तर गुळणीचा उपयोग नाही, चूळच हवी.

आता बाटलीतल्या औषधांकडे वळू. १८६७ साली ब्रिटनमधील शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांनी आपला शोध जाहीर केला. कार्बोलिक आम्लाने जखमेतील जंतू मारले, तर जखम चिघळत नाही, हे त्यांनी दाखवले. पुढे १८७९ साली अमेरिकेत जोसेफ लॉरेन्स यांनी एक जंतुनाशक द्रव तयार केला व लिस्टर यांच्यावरून त्याला ‘लिस्टरीन’ असे नाव दिले. आज दंतवैद्य बहुधा क्लोरहेक्सिडीनचे औषध लिहून देतात. ते जंतूंवर चांगले काम करते. पण अनेक आठवडे वापरले तर दात तपकिरी पडतात आणि चव बदलते. ते गिळायचे नसते. सहा वर्षांखालील मुलांना चूळ नीट थुंकता येत नाही, म्हणून त्यांना असे औषध देऊ नये. काही औषधांत अल्कोहोल असते. ते फोडाला फार झोंबते. जास्त झोंबले म्हणजे जास्त गुण येतो, ही समजूत खोटी आहे.

एक गोष्ट नीट समजून घ्या. चूळ जखम स्वच्छ ठेवते, जखम भरून काढते ते आपले शरीर. साधा फोड एक-दोन आठवड्यांत आपोआप बरा होतो. पण समजा, घरातील कोणी मोठा माणूस महिनाभर मिठाच्या चुळा भरतो आहे आणि फोड तसाच आहे. वर तो रोज खर्राही खातो. तर ती चूळ त्याचा वेळ वाया घालवते आहे. खर्ऱ्यात सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेला असतो. सुपारीनेही कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केले. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी खर्रा खाणारे आजही आहेत. सुपारीने गाल आतून ताठ होत जातात आणि तोंड कमी उघडू लागते. आपली तीन बोटे एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालून पाहावीत. ती जात नसतील तर डॉक्टरांकडे जावे.

नागपुरात मेडिकलच्या परिसरात शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. महालापासून ते फार दूर नाही. कधी तुटक्या दाताची धार गालाला घासत असते. डॉक्टर ती घासून गुळगुळीत करतात. कधी फोडाचा बारीक तुकडा काढून तपासणीला पाठवतात. फोड कधी उठला, हे ते आधी विचारतात. म्हणून फोड दिसला त्या दिवशीच घरातील कॅलेंडरवर तारखेला खूण करावी. दोन आठवडे उलटले की मिठाचा डबा बाजूला ठेवावा आणि दवाखान्याची वाट धरावी.