लंडनमध्ये मंजूर, पण कार्डिफमध्ये लागू आहे का?

प्रश्न : माझी मुलगी वेल्समध्ये, कार्डिफला नोकरी करते आणि भाड्याच्या घरात राहते. घरमालकाला आता कारण न देता भाडेकरूला बाहेर काढता येणार नाही, असा कायदा ब्रिटिश संसदेनं केल्याचं वाचलं आणि मी खूश होऊन तिला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, तो कायदा आमच्याकडे नाही." एकाच देशात असं कसं? शिवाय ब्रिटनला लिखित राज्यघटना नाही, असं शाळेपासून ऐकत आलो. मग तिथे घटना बदलली, हे सामान्य माणसाला कळतं तरी कसं?
(एक वाचक, मिरज)

उत्तर : आपल्या मुलीचं म्हणणं बहुतांशी बरोबर आहे. आपण वाचलेला कायदा म्हणजे 'रेंटर्स राइट्स अ‍ॅक्ट २०२५'. त्याला २७ ऑक्टोबर २०२५ रोजी राजाची संमती मिळाली. १९८८च्या गृहनिर्माण कायद्यातल्या कलम २१चा आधार घेऊन घरमालक दोन महिन्यांची नोटीस देत असे आणि कारण सांगायला बांधील नसे. ते कलम या कायद्यानं काढून टाकलं, पण फक्त इंग्लंडपुरतं. घरभाडं हा वेल्सच्या स्वतःच्या संसदेच्या, म्हणजे कार्डिफमधल्या 'सेनेद'च्या अखत्यारीतला विषय आहे. तिथे सहा महिन्यांची नोटीस देऊन घरमालक आजही कारण न सांगता घर रिकामं करून मागू शकतो. मात्र राहायला आल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत ही नोटीस देता येत नाही. स्कॉटलंडचं आणखी वेगळं. तिथे १ डिसेंबर २०१७पासून सुरू झालेल्या नव्या भाडेकरारांत घरमालकाला कारण द्यावंच लागतं. एका बेटावर अशा तीन तऱ्हा आहेत.

'बहुतांशी' म्हटलं, त्यालाही कारण आहे. याच २०२५च्या कायद्यात वेल्ससाठीही थोडं काही आहे. पदरी मुलं आहेत किंवा सरकारी भत्ता मिळतो म्हणून एखाद्याला घर नाकारता येऊ नये, अशा तरतुदी वेल्सपर्यंत पोचतात. म्हणजे एकाच कायद्याचं एक प्रकरण सीमेपाशी थांबतं आणि दुसरं पलीकडे जातं. त्यामुळे 'ब्रिटिश संसदेनं कायदा केला' एवढ्या बातमीवर कोणताही निर्णय घेऊ नये. तो कुठे लागू आहे, हे आधी बघावं.

दुसरी गोष्ट तारखेची, आणि इथे भलेभले फसतात. संमती मिळाली म्हणजे कायदा सुरू झाला, असं ब्रिटनमध्ये समजायचं नसतं. या कायद्याला संमती ऑक्टोबरात मिळाली, पण कलम २१ बंद होण्यासाठी ठरली ती तारीख १ मे २०२६. आपल्याला लक्षात ठेवायला सोपी, महाराष्ट्र दिनाची. मधल्या काळात जुनाच नियम चालू राहतो आणि जुन्याच नियमानं नोटिसा निघतात. वेल्सचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. आपल्या मुलीला आज जो भाडेकायदा लागू आहे, त्याला संमती मिळाली २०१६च्या जानेवारीत आणि तो सुरू झाला १ डिसेंबर २०२२ला. जवळजवळ सात वर्षं तो पुस्तकात होता, पण एकाही भाडेकरूच्या उपयोगाचा नव्हता.

आणि काही कायदे कधीच सुरू होत नाहीत. १९२८ साली संसदेनं 'ईस्टर अ‍ॅक्ट' केला. ईस्टरची तारीख चंद्राच्या गणितावर दरवर्षी मागेपुढे होते. ती एप्रिलमधल्या दुसऱ्या शनिवारनंतरच्या रविवारी पक्की करावी, एवढाच त्याचा हेतू होता. दोन्ही सभागृहांनी तो मंजूर केला, राजानं संमती दिली. पण तो सुरू करण्यासाठी वेगळा आदेश लागेल, त्या आदेशाला संसदेची मान्यता लागेल आणि चर्चचं मत विचारात घ्यावं लागेल, असं त्यातच लिहून ठेवलं होतं. तो आदेश आजवर निघालेला नाही. कायदा रद्दही झालेला नाही. शंभरीला आला तरी नुसताच पडून आहे.

मग खरी तारीख शोधायची कुठे? आपल्याकडच्या अधिनियमात पहिल्याच कलमात 'संक्षिप्त नाव, व्याप्ती व प्रारंभ' असतं. ब्रिटिश कायद्यात हीच माहिती सहसा अगदी शेवटी, परिशिष्टांच्या आधीच्या दोनतीन कलमांत सापडते. म्हणून ब्रिटिश कायदा शेवटाकडून वाचायला घ्यावा. एक कलम सांगतं की तो इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडपैकी कुठवर पोचतो. दुसरं सांगतं की कोणती कलमं संमतीच्या दिवशीच सुरू होतात, कोणती दोन महिन्यांनी आणि कोणती मंत्री ठरवतील त्या दिवशी. 'मंत्री ठरवतील त्या दिवशी' असं दिसलं की समजावं, वाट पाहायची आहे. तो दिवस ठरला की त्याचा स्वतंत्र आदेश निघतो. नॅशनल अर्काइव्हज ही सरकारी संस्था लेजिस्लेशन डॉट गव्ह डॉट यूके या संकेतस्थळावर मूळ कायदा, त्याचं दुरुस्त रूप आणि असे आदेश विनामूल्य ठेवते. अजून सुरू न झालेल्या कलमांवर तिथे तसा शेरा असतो. १९९९पासून बहुतेक सरकारी कायद्यांसोबत सोप्या भाषेतली टिपणंही येतात. ती आधी वाचावीत. कायद्याच्या भाषेत अडकून वाचन सोडून देण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

पण आपल्या मुलीच्या दृष्टीनं घरभाड्याहून मोठा विषय व्हिसाचा असणार, आणि तिथे तर बदल कायद्याच्या वाटेनं येतच नाही. ब्रिटनचे इमिग्रेशनचे नियम १९७१च्या कायद्याच्या आधारे गृहमंत्री ठरवतात आणि बदलाचं निवेदन संसदेपुढे ठेवतात. विधेयक नाही, वाचनं नाहीत, राजाची संमती नाही. १ जुलै २०२५ रोजी असं एक निवेदन ठेवलं गेलं. त्यानं कुशल कामगार व्हिसासाठीची किमान पगाराची सर्वसाधारण अट वर्षाला ३८,७०० पौंडांवरून ४१,७०० पौंडांवर नेली आणि २२ जुलैला ती लागूही झाली. मध्ये तीनच आठवडे. संसदेच्या कोणत्याही सभागृहाला चाळीस दिवसांत नापसंती नोंदवता येते खरी, पण तोवर नियम सुरू होऊन हजारो माणसांचे अर्ज नव्या अटीवर तपासले जाऊ लागलेले असतात. घरमालकाच्या नोटिशीला सात वर्षांची सवड आणि माणसाच्या राहण्याच्या हक्काला एकवीस दिवस, हे मला अन्यायाचं वाटतं. तेव्हा संसदेतल्या विधेयकांच्या बातम्या वाचून व्हिसाचा अंदाज बांधू नये. गृहखात्याच्या निवेदनांवर नजर ठेवावी. ती सरकारी संकेतस्थळावर लगेच प्रसिद्ध होतात आणि ईमेलनं सूचना मिळण्याचीही सोय आहे.

आता घटनेकडे येऊ. ब्रिटनची घटना लिखित नाही म्हणण्यापेक्षा ती एका पुस्तकात बांधलेली नाही, असं म्हणणं अधिक बरोबर. १६८९चं बिल ऑफ राइट्स, १९११ आणि १९४९चे पार्लमेंट अ‍ॅक्ट, १९९८चा मानवी हक्क कायदा, हे सगळं लिहिलेलंच आहे. त्याच्या जोडीला न्यायालयांचे निकाल आणि कुठेही न लिहिलेले संकेत आहेत. आपल्याकडे घटनादुरुस्तीला क्रमांक असतो, कलम ३६८ची विशेष बहुमताची अट असते. वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे लंडनमधल्या ब्रिटिश संसदेत, यातलं काहीच नाही. कुत्र्यांविषयीचा कायदा आणि राजगादीच्या वारशाचा कायदा एकाच साध्या बहुमतानं होतो.

विशेष बहुमताची अट घालून पाहिली तेव्हा काय झालं, तेही सांगतो. २०११च्या कायद्यानं संसदेची मुदत पाच वर्षं ठरवली आणि मुदतपूर्व निवडणूक हवी असेल तर हाउस ऑफ कॉमन्स या कनिष्ठ सभागृहातल्या एकूण जागांपैकी दोन तृतीयांश, म्हणजे ६५० पैकी ४३४ मतं लागतील असं म्हटलं. २०१९मध्ये तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा तो आकडा गाठता आला नाही. मग २९ ऑक्टोबरला त्यांनी निवडणुकीची तारीख सांगणारं दोन कलमांचं वेगळं छोटं विधेयक आणलं. त्याला साधं बहुमत पुरेसं होतं. विरोधकांनीही भूमिका बदलली, ४३८ विरुद्ध २० मतांनी ते मंजूर झालं, आणि १२ डिसेंबरला मतदान पार पडलं. २०२२च्या मार्चमध्ये २०११चा कायदाच रद्द झाला. एका संसदेनं घातलेली अट दुसरी संसद साध्या कायद्यानं उठवते. ब्रिटनच्या घटनेचा खरा गाभा हाच, आणि त्यामुळेच तिच्यावर सतत लक्ष ठेवावं लागतं.

न्यायालयांनी यावर थोडा तोडगा काढला आहे. संडरलंडमधल्या एका फळविक्रेत्यानं केळी किलोऐवजी पौंडानं विकली, त्यावरून खटला झाला. २००२च्या निकालात न्यायमूर्ती लॉज यांनी सांगितलं की काही कायदे 'घटनात्मक' दर्जाचे असतात. नंतरच्या कायद्याशी विसंगती आली म्हणून ते आपोआप रद्द झाले असं मानायचं नाही, संसदेनं तसं स्पष्ट म्हटलं पाहिजे. मात्र अशा कायद्यांची अधिकृत यादी कुठेही नाही. म्हणून माझा सल्ला असा : हाउस ऑफ लॉर्ड्सची घटनाविषयक समिती २००१पासून प्रत्येक सार्वजनिक विधेयक घटनेच्या नजरेनं तपासते आणि चिंतेचं काही दिसलं तर अहवाल देते. घटना कुठे हलते आहे, हे कळण्यासाठी सामान्य वाचकाला याहून भरवशाची जागा मला माहीत नाही.

घटनाबदल जवळून पाहायचा असेल, तर आपली मुलगी मोक्याच्या ठिकाणी आहे. २०२४च्या कायद्यानं सेनेदची सदस्यसंख्या ६० वरून ९६ केली, २०२६च्या निवडणुकीपासून. आणि गंमत अशी की वेस्टमिन्स्टरला कायदा करताना कधीच न लागणारं दोन तृतीयांश बहुमत कार्डिफमध्ये या बदलासाठी आवश्यक होतं.

तिला एवढं जरूर सांगा. राष्ट्रकुल देशाची नागरिक म्हणून, भारतीय पासपोर्टवर कायदेशीरपणे तिथे राहत असताना तिला मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, सेनेदसाठीही आणि ब्रिटिश संसदेसाठीही. संसदेच्या मतदानाला फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, आणि भारतीय पासपोर्ट चालतो. सेनेदच्या मतदानाला ते लागत नाही. तिनं अजून नाव नोंदवलं नसेल, तर या आठवड्यात नोंदवायला सांगा.