मेकॅनो : मोठ्यांचं खेळणं, आपला अभ्यास

तुमच्या घरी माळ्यावर 'मेकॅनिक्स'चा डबा अजून आहे का? भोकं पाडलेल्या रंगीत पट्ट्या, चाकं, छोटे छोटे नटबोल्ट आणि हमखास हरवणारा तो स्पॅनर! सातवी-आठवीत गेलो की घरचे म्हणतात, "आता पुरे झाली खेळणी, अभ्यासाला बस." डबा माळ्यावर जातो. मग आपण बारावी करतो, इंजिनिअरिंगला येतो आणि दुसऱ्या वर्षाला ट्रस, लिंकेज, गिअर ट्रेन शिकायला बसतो. म्हणजे त्या डब्यात जे होतं तेच, फक्त आता फळ्यावर आणि मार्कांसाठी.

जगात काही मोठी माणसं मात्र अशी आहेत, की ज्यांनी तो डबा माळ्यावर टाकलाच नाही. त्यांच्याबद्दल आणि त्यांच्याकडून आपण काय शिकायचं याबद्दल हा लेख.

अर्ध्या इंचाची गोष्ट

मेकॅनोचा जनक फ्रँक हॉर्नबी. हा लिव्हरपूलचा, एका मांस आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडे नोकरी करणारा कारकून. आपल्या मुलांसाठी त्याने घरीच पत्रा कापून पट्ट्या केल्या आणि त्यांना सारख्या अंतरावर भोकं पाडली. १९०१ साली त्याने पेटंट घेतलं. सुरुवातीचं नाव होतं 'मेकॅनिक्स मेड ईझी'. १९०७ मध्ये 'मेकॅनो' हे नाव रजिस्टर झालं. आपल्याकडचे 'मेकॅनिक्स'चे सेट त्याच कल्पनेवरचे.

हॉर्नबीची खरी हुशारी पट्टीत नाही, भोकांच्या अंतरात आहे. पट्टी अर्धा इंच रुंद आणि दोन भोकांमधलं अंतरही अर्धा इंच. हे माप त्याने सगळीकडे पाळलं. त्यामुळे कुठलाही भाग कुठल्याही भागावर बसतो.

गिअरचं उदाहरण घ्या. मेकॅनोचे गिअर ३८ डायमेट्रल पिचचे, म्हणजे पिच सर्कलच्या एक इंच व्यासामागे ३८ दाते. ५७ दात्यांचा गिअर आणि १९ दात्यांचा पिनियन घेतला तर रेशो येतो ३:१. आता सेंटर डिस्टन्स काढा : ५७ अधिक १९ म्हणजे ७६, भागिले ३८च्या दुप्पट, म्हणजे पुन्हा ७६. उत्तर बरोबर १ इंच! म्हणजे दोन शाफ्ट पट्टीच्या भोकांत घातले की गिअर आपोआप मेश होतात. मुलाला गणित करावं लागत नाही, कारण ते आधीच कोणीतरी करून ठेवलंय. स्टँडर्डायझेशन म्हणजे काय, हे यापेक्षा सोप्या भाषेत सांगता येईल असं मला वाटत नाही.

चौकोन का लुळा पडतो?

चार पट्ट्या घेऊन चौकोन करा. प्रत्येक कोपऱ्यात एकच बोल्ट. बोटाने ढकला, चौकोन तिरका होतो. तीन पट्ट्यांचा त्रिकोण करा, तो हलत नाही. बोल्ट सैल असला तरी हलत नाही. आपल्या भाषेत पहिला 'मेकॅनिझम', दुसरा 'स्ट्रक्चर'.

जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६४ साली याचा नियम दिला. कागदासारख्या सपाट रचनेसाठी : लागणारे मेंबर = २ × सांधे − ३. त्रिकोणाला सांधे तीन, म्हणून मेंबर हवेत तीन. आहेत तीन, झालं काम. चौकोनाला सांधे चार, म्हणून हवेत पाच. आहेत चार, एक कमी पडला! तो पाचवा म्हणजे तिरपी पट्टी. (मेंबर चुकीच्या जागी लावले तर आकडा जुळूनही रचना हलू शकते, हे परीक्षेत लिहायला विसरू नका.)

पण इथे एक गंमत आहे. सारख्या बाजूंच्या चौकोनाला तिरपी पट्टी लावायला गेलात तर भोकं जुळत नाहीत, कारण कर्ण बाजूच्या वर्गमूळ दोन पट असतो आणि तो भोकांच्या हिशोबात बसत नाही. म्हणून ३ बाय ४ अंतरांचा आयत घ्या. कर्ण बरोबर ५. भोकं मोजाल तर ४, ५ आणि ६ भोकांच्या पट्ट्या लागतील, कारण अंतरं भोकांपेक्षा एकाने कमी असतात.

अलोऱ्याचे टॉवर

हे सगळं बघायला मला डब्याची गरज पडत नाही. मी अलोऱ्याची. कोळकेवाडी धरणाच्या पायथ्याशी कोयना प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याचं वीजघर आहे, ८० मेगावॅटचे चार संच, एकूण ३२० मेगावॅट. तिथली वीज बाहेर नेणारे टॉवर डोंगर चढत जातात. जवळून बघा, तो मोठा मेकॅनोच आहे. लोखंडी अँगल, भोकं, नटबोल्ट आणि सगळीकडे त्रिकोण.

वेल्डिंग का नाही, बोल्ट का? एक तर गंज लागू नये म्हणून प्रत्येक अँगल वितळलेल्या जस्ताच्या टाकीत बुडवून काढतात आणि अख्खा टॉवर कुठल्याच टाकीत मावणार नाही. दुसरं म्हणजे आपल्या सह्याद्रीत जिथे गाडी जात नाही तिथे माल सुटा सुटाच न्यावा लागतो. म्हणून प्रत्येक अँगलवर नंबर ठोकलेला असतो. ड्रॉइंग बघायचं, नंबर शोधायचा, बोल्ट मारायचा. हॉर्नबीच्या पुस्तिकेत तरी वेगळं काय होतं?

आणि इथे खेळ संपतो. टॉवरचे तिरपे अँगल भंगारासाठी चोरीला जाण्याचे प्रकार आपल्या देशात घडतात. चोराला वाटतं, चार पाय तर जागेवर आहेत, एक बारकी पट्टी काढली तर काय बिघडणार? मॅक्सवेलचा नियम सांगतो काय बिघडणार ते. एरवी टॉवर उभा दिसतो. जोराचा वारा सुटला की तीच न दिसणारी पट्टी हवी असते.

डबा न टाकणारी माणसं

आता त्या मोठ्या माणसांकडे वळू. १९३३ साली इंग्लंडमधल्या मँचेस्टरचे प्रोफेसर डग्लस हार्ट्री अमेरिकेत एमआयटीला गेले. तिथे त्यांनी व्हॅनेव्हार बुश यांचं 'डिफरन्शियल अनालायझर' हे यंत्र पाहिलं. चाकं आणि शाफ्ट फिरवून डिफरन्शियल इक्वेशन सोडवणारं ते यंत्र! (एम-थ्रीला घाबरणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) परत येऊन १९३४ मध्ये त्यांनी आर्थर पोर्टर या विद्यार्थ्याबरोबर त्याचं मॉडेल बनवलं, बहुतेक सगळं मेकॅनोतून. खर्च सुमारे २० पौंड. उत्तरात चूक साधारण दोन टक्के. खेळणं म्हणून सुरू झालेल्या त्या मॉडेलवर त्यांनी अणुरचनेची खरी गणितं केली. हे पाहून केंब्रिजमध्येही तसंच यंत्र झालं आणि ते पुढे न्यूझीलंडला गेलं.

लिव्हरपूलचा मेकॅनोचा मूळ कारखाना १९७९ साली बंद पडला. एखादं खेळणं तिथेच संपलं असतं. पण ज्यांनी लहानपणी क्रेन बांधल्या होत्या ते आता इंजिनिअर, शिक्षक, रिटायर्ड लोक झाले होते. त्यांनी क्लब चालवले, प्रदर्शनं भरवली. १९८९ मध्ये त्यांची आंतरराष्ट्रीय संस्थाही निघाली. कॅलिफोर्नियातल्या एका हौशी माणसाने तर चार्ल्स बॅबेजचं डिफरन्स इंजिन मेकॅनोतून चालू करून दाखवलं. २००९ मध्ये जेम्स मे या टीव्हीवरच्या सूत्रसंचालकाने लिव्हरपूलच्याच कालव्यावर सुमारे एक लाख भागांचा मेकॅनोचा पूल उभारला आणि त्यावरून चालत गेला. डिझाइनला मदत कोणाची? लिव्हरपूल विद्यापीठातल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांची!

या लोकांचं मला सर्वात आवडतं ते म्हणजे त्यांची एक सवय. मॉडेल झालं की नुसता फोटो काढून ते थांबत नाहीत. कुठले भाग किती लागले याची यादी, जोडण्याचा क्रम, कुठे अडतं, हे सगळं लिहून दुसऱ्याला देतात. १९१६ साली सुरू झालेल्या 'मेकॅनो मॅगझिन'पासून हे चालत आलंय. अर्ध्या इंचाचं माप सगळ्यांचं एकच, त्यामुळे लंडनचं मॉडेल ऑकलंडला जसंच्या तसं उभं राहतं. दुसरा माणूस ते बांधतो, सुधारतो आणि पुढे देतो.

पुण्याचा काड्यापेटीवाला मेकॅनो

"पण हे सेट महाग असतात" असं कोणी म्हणेल. त्याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रात आहे. अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरचे १९७५ चे इंजिनिअर, पुण्याला टेल्कोत नोकरीला. १९७८ मध्ये वर्षभराची रजा काढून ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे त्यांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांचा मेकॅनो तयार केला. पट्टीऐवजी काडी, बोल्टऐवजी रबराचा सांधा. पुढे २००३ ते २०१४ ते पुण्याच्या 'आयुका'मधल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. ही शोधिका पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी आपली खेळणी आणि पुस्तकं सगळ्यांसाठी फुकट खुली ठेवली. शेअरिंगची तीच सवय, फक्त इथे डबाही विकत घ्यावा लागत नाही.

आज रात्री करून बघा

काड्यांचं गुल खरवडून टाका. व्हॉल्व्ह ट्यूबचे दीड सेंटिमीटरचे तुकडे करा. तुकड्याच्या दोन्ही टोकांत एकेक काडी घाला, मधोमध दाभणाने भोक पाडून तिसरी. झाला तीन काड्यांचा सांधा.

असे चार सांधे आणि सहा काड्या घेऊन टेट्राहेड्रॉन करा. दाबून बघा, पक्का. आता आठ सांधे आणि बारा काड्यांचा क्यूब करा. लगेच लोळण घेईल! उभ्या-आडव्या जगासाठी नियम आहे : मेंबर = ३ × सांधे − ६. टेट्राहेड्रॉनला हवे सहा, आहेत सहा. क्यूबला हवे अठरा, आहेत बारा. म्हणजे सहा कमी आणि क्यूबच्या बाजूही सहाच! प्रत्येक बाजूवर एकेक तिरपी काडी दोऱ्याने बांधा. काड्यापेटीची काडी पुरणार नाही, नारळाच्या झापाचे हीर घ्या. सहाही हीर एक सोडून एक अशा चारच कोपऱ्यांवर येतील असे बांधले तर क्यूब ताठ उभा राहतो आणि आत काय दिसतं? तोच टेट्राहेड्रॉन.

शेवटी एक सांगावंसं वाटतं. दर वर्षी आपण प्रोजेक्टची मॉडेल्स बनवतो. व्हायवा झाला की ती कपाटात, आणि पुढची बॅच पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. रिपोर्ट असतो जाडजूड, पण त्यावरून दुसऱ्याला मॉडेल बांधता येईल का? मेकॅनोवाल्यांची कसोटी तीच आहे. या वर्षी आपण प्रत्येक मॉडेलसोबत एक पान ठेवू या : भागांची यादी, जोडण्याचा क्रम आणि कुठे अडलं ते. आपल्या ज्युनिअर्सना तेवढं पान मिळालं तरी त्यांचा पहिला महिना वाचेल.

आणि हो, घरी गेलात की माळ्यावर चढा. स्पॅनर सापडला तर उत्तमच!