सर, आपल्या गडावर कुठंय दुर्बीण?

गडाच्या पायथ्याला विज्ञान शिकवताना जे उमजलं, ते सुचेल तसं लिहितो.

१. पत्ता नीट वाचावा.
'नारायणगडाजवळ मोठी दुर्बीण' असं कुठंसं वाचून पोरं माझ्याकडं आली, "सर, आपल्या गडावर कुठंय?" आपला गडही नारायणगडच, पण नगद नारायणाचा, बीडकरांची धाकटी पंढरी. दुर्बीण आहे ती जुन्नर तालुक्यातल्या नारायणगड किल्ल्याजवळ, खोडदला. पण त्या घोळापायीच एका २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, जीप ठरवून आम्ही खोडद गाठलं.

२. दुर्बीण म्हटलं की काच, हे खूळ सोडावं.
खोडदच्या या जीएमआरटी नावाच्या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या, प्रत्येक ४५ मीटर व्यासाची, आणि अंगाला नुसती तारेची जाळी. "सर, ह्यातून तर पलीकडचं आभाळ दिसतंय. मग अडकणार काय?" हायड्रोजनच्या अणूकडून येणारी लहर २१ सेंटीमीटर लांबीची. एवढ्या लांब लहरीला ती बारीक जाळी सलग पत्र्यासारखीच, आणि वारा मात्र आरपार जातो. ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांची ही युक्ती पोरांना तबकडीच्या आकारापेक्षा जास्त आवडली. मलाही.

३. काळं म्हणजे रिकामं नव्हे.
ही चूक मी स्वतः बरीच वर्षं शिकवली. उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून पडलं की आकाशगंगेच्या पट्ट्यात मधोमध काळी भेग दिसते. 'तिथं तारे नाहीत' असं मी बिनधास्त सांगायचो. तारे आहेत, पुढं धूळ आहे. वजनानं ती वायूच्या जेमतेम शंभरावा हिस्सा, तरी मागचा उजेड अडवते. निळा आधी अडतो, तांबडा थोडा सुटतो, आणि अवरक्त प्रकाश बराचसा पार होतो. सुगीत खळ्यावर धूळ उडाली की मावळतीचा सूर्य तांबूस दिसतो, तसंच काहीसं.
बरं, ही धूळ नुसती आडवी येत नाही. हायड्रोजनचे दोन अणू मोकळ्यात भेटून रेणू होणं फार अवघड. धुळीचा कण म्हणजे गावातला पार: तिथं दोघं टेकतात, जोडी जमते. धुळीच्या सावलीत वायूचा ढग उणे २६० अंशांच्या आसपास गार राहतो, म्हणून स्वतःच्या भारानं आकसतो, आणि आत तारा धरतो. मृगातला तेजोमेघ, सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरचा, हे असंच बाळंतघर आहे. साध्या दुर्बिणीतून तो राखाडी दिसतो. रंगीत फोटो आधी दाखवले की पोरं हिरमुसतात. आधी दाखवू नयेत.

४. एकट्या टाळाचा आवाज गडाखाली येत नाही.
लांबच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा संदेश इतका क्षीण की एकटीचा ऐकूच येत नाही. पुण्याच्या एनसीआरए या संशोधन संस्थेतल्या आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी जीएमआरटीवरून ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकावर एक रचले. प्रत्येकीचं अंतर आधीच ठाऊक होतं, म्हणून सगळे एका ठेक्यावर आणता आले. एकादशीला दिंडी चढताना खालपर्यंत पोचतो तो असाच, शेकडो टाळांचा मिळून एक आवाज. ८ अब्ज वर्षांपूर्वी निघालेली ती २१ सेंटीमीटरची लहर इथं येईतो ताणून दुप्पट झाली होती. निष्कर्ष २०२० साली 'नेचर'मध्ये छापून आला.

५. पाणी मोजताना उपसाही मोजावा.
त्या दीर्घिकांत जवळपास ताऱ्यांच्या वस्तुमानाएवढाच अणुरूप हायड्रोजन निघाला. ऐकायला रग्गड. पण तारे घडण्याचा वेग असा, की तेवढा साठा एक-दोन अब्ज वर्षांत संपावा. पुढं विश्वातली तारेनिर्मिती खरोखरच मंदावली. बाहेरून येणारा नवा वायू उपशाला पुरला नसावा, असं ही मंडळी म्हणतात. हे फळ्यावर मांडताना मला 'साठा', 'उपसा', 'पाझर' याखेरीज शब्दच लागले नाहीत. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "म्हणजे सर, त्यांचाबी बोअर आटला." मग विचारलं, "आपल्या आकाशगंगेत अजून किती हाय?"
वर्षाला सूर्याच्या एक-दोन पट वस्तुमानाचे तारे घडतात, इथवर मी सांगितलं, तोच बाहेर टँकरचा हॉर्न वाजला आणि अर्धा वर्ग घागरी घ्यायला पळाला.