कागदावर न आलेली थरथर

ह्यूस्टनजवळच्या एका वाचकाची अवजड पिकअप पुलाच्या सांध्यावरून ताशी साठ मैलांनी गेली, की स्टिअरिंग हातातून सुटेल असे हिसडे देते. वेग उतरला की सगळं शांत. गाडी सतरा महिन्यांची, १९ हजार मैल चाललेली. डीलरने तीनदा ‘आम्हाला काही जाणवलं नाही’ म्हणून परत पाठवलं. बाहेरून स्टिअरिंगचे धक्के शोषणारा जाड डॅम्पर बसवला तर खर्च कंपनीकडून मिळेल का, असं ते विचारतात.

पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: मागच्या सीटवर दोन मुलं असतात. त्यांना आजपासून दुसऱ्या गाडीने न्यावं. हिसडे सुरू झालेच, तर करकचून ब्रेक न दाबता स्टिअरिंग घट्ट धरून वेग हळूहळू उतरू द्यावा.

डॅम्पर दुखणं फक्त झाकतो. मूळ बहुधा ट्रॅक बारच्या सांध्यात, बुशमध्ये किंवा चाकांच्या बॅलन्समध्ये असतं. फोर्डच्या २००५ ते २०१९ च्या एफ-२५० आणि एफ-३५० गाड्यांबाबत २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात सामूहिक दावा दाखल झाला, तो याच थरथरीवरून.

माणसं बुडतात ती वेगळ्याच ठिकाणी. तीन फेऱ्या झाल्या. रिपेअर ऑर्डर किती निघाल्या? वाचकाकडे एकच आहे, तीही ऑइल बदलल्याची. म्हणजे थरथरीची तक्रार कागदोपत्री झालेलीच नाही! प्रत्येक वेळी तारीख, मैल आणि स्वतःच्या शब्दांतली तक्रार लिहून घ्यावी. ‘दोष आढळला नाही’ असा शेरा पडला तरी तो कागद हवाच. मेकॅनिकला शेजारी बसवून त्याच पुलावर त्याच वेगाने न्यावं. बाहेरचा डॅम्पर बसवला, तर गाडीत परस्पर फेरफार केल्याचा बचाव कंपनीच्या हातात आयता पडतो.

वैतागून कर्जाचे हप्ते थांबवणं हा वेडेपणा. कर्ज देणारे गाडी उचलून नेतील. काही न सांगता दुसऱ्याच्या गळ्यात मारणं, त्याहून वाईट.

टेक्सासच्या सदोष गाड्यांसाठीच्या ‘लेमन लॉ’खाली मोटार वाहन विभागाकडे ३५ डॉलर भरून तक्रार करता येते. त्याआधी कंपनीला लेखी कळवून दुरुस्तीची एक संधी द्यावी लागते. वॉरंटी, २४ महिने किंवा २४ हजार मैल, यांतलं जे आधी संपेल तिथून सहा महिन्यांची मुदत. महिन्याला अकराशे मैलांच्या हिशेबाने या वाचकाचे मैल साडेचार महिन्यांत संपतात, २४ महिने पूर्ण होण्याची वाट बघायला वेळ नाही. लेखी पत्र याच आठवड्यात जायला हवं.