घासाघीस ते ‘ॲड टू कार्ट’

साहित्य मंडळाच्या अंकात खरेदीवर लेख कशाला, असं कुणीही विचारेल. पण बाजार बदलला की बोली बदलते, आणि बोलीतून सवयी कळतात. म्हणून हा छोटासा अभ्यास.

सुरुवात

ऑनलाइन खरेदी महामारीच्या आधीही होती. पण बेळगावात आमच्या वयाची मुलं मोबाइलचं कव्हर, इअरफोन असं काहीबाही मागवायची. कपड्यांसाठी खडेबाजार किंवा गणपत गल्लीच गाठायची. 25 मार्च 2020 पासून देशभर लॉकडाऊन लागलं. आधी ऑनलाइन कंपन्यांनाही फक्त जीवनावश्यक वस्तू पोचवता येत होत्या. मे महिन्यापासून बंधनं टप्प्याटप्प्याने सैल झाली. तोवर अभ्यास, गप्पा, रविवारची मिस्सा, सगळं मोबाइलवर आलं होतं. दुकानही तिथेच आलं.

पैसे दिसेनासे झाले

नोटेला हात लावायची भीती वाटू लागली आणि यूपीआय घरोघरी पोचलं. एप्रिल 2020 मध्ये यूपीआयचे महिन्याचे व्यवहार 100 कोटींच्या किंचित खाली होते. ऑक्टोबरमध्ये ते 200 कोटींच्या पुढे गेले. खिशातली शंभराची नोट गेली की कळतं. पिन टाकताना तेवढं जाणवत नाही. त्यात ‘आत्ता घ्या, पैसे नंतर द्या’ आलं. उधारी आपल्याला नवी नाही. पण वाण्याच्या वहीतली उधारी घरच्यांना ठाऊक असायची. ॲपमधली फक्त आपल्याला आणि ॲपला ठाऊक असते.

शब्द बदलले

घासाघीस गेली, कूपन आलं. गिऱ्हाइकाचा युजर झाला. ‘माल परत घ्या’ म्हणताना जीभ अडखळायची. आता ‘रिटर्न’ टाकताना कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. सगळंच वाईट झालं असं नाही. खेड्यातल्या मैत्रिणींना स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घरबसल्या मिळतात. नाताळच्या नेवऱ्या आणि केक घरी करणाऱ्या बायकांना व्हॉट्सॲपवर गिऱ्हाईक मिळतं.

‘नाही’ म्हणायची सोय

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. दुकानात दहा साड्या उलगडून झाल्यावरही आपण म्हणतो, “बघतो, नंतर येतो.” दुकानदारालाही अर्थ कळतो, कुणाचा अपमान होत नाही. ॲपवर मात्र ‘फक्त 2 शिल्लक’ अशी घाई असते. ऑफर नाकारायची तर ‘नको, मला बचत करायची नाही’ असं बटण दाबावं लागतं. म्हणजे नकार देणाऱ्यालाच ओशाळं करायचं! केंद्र सरकारने 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत अशा 13 फसव्या पद्धती ठरवून त्यांना मनाई केली. खोटी घाई, नकाराला लाजवणं, न विचारता कार्टमध्ये वस्तू घालणं, हे सगळं त्यात आहे. तक्रारीसाठी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

आपण काय करू शकतो

मित्रमैत्रिणींनो, एक साधा प्रयोग करा. आवडलेली वस्तू एक रात्र कार्टमध्ये तशीच ठेवा आणि सकाळी ती खरंच हवी आहे का बघा. महिन्याचा खर्च वहीत हाताने लिहा. आणि ॲपवर अशी लाजवणारी, घाई करणारी वाक्यं दिसली की टिपून ठेवा. मंडळाच्या पुढच्या बैठकीत त्यांची यादी करू. वाक्य आपल्याला कसं ढकलतं, हे ओळखायला साहित्याचे विद्यार्थी नाही शिकणार तर कोण?